सगळीच लूत नसते: आमच्या गल्लीतल्या चिंगीची खाज

(या भागात बोललेलं जवळपास जसंच्या तसं. अडखळणं आणि मधला टँकरचा हॉर्न तेवढा काढलाय.)

मी मनवेलपाड्यातून बोलतेय, विरार पूर्व. आमच्याकडे पाणी यायची वेळ आणि माझी रेकॉर्डिंगची वेळ नेहमी एकच असते, त्यामुळे मागे बादल्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. कुणी लिहिलंय, 'ताई, आमचा ब्रुनो रात्रभर पाय चाटतो.' कुणी लिहिलंय, 'बिल्डिंगखालच्या कुत्र्याचे केस गेलेत, जवळ जाऊ का?' हे वाचताना मला सारखी आमची चिंगी आठवत होती. तर आज चिंगीची गोष्ट सांगते आणि तिच्यापायी जे शिकले तेही सांगते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चिंगी आमच्या गल्लीतली. कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. रंग फिकट तांबूस, एक कान उभा, एक पडका. सकाळी तलावाच्या बाजूला फिरणाऱ्या आजोबांसोबत एक चक्कर मारते, मग चहाच्या टपरीखाली झोपते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला खाज सुटली. आधी शेपटीच्या मुळाशी, मग मागच्या मांड्या. स्वतःलाच दातांनी कुरतडायची, आपण कणीस खातो ना, तशी. महिन्याभरात कंबरेवरचे केस गेले, कातडी लाल झाली आणि वास यायला लागला.

आणि मग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. आमचे सेक्रेटरी काका टाईप करायला बसले की सरकारी मराठीत शिरतात. 'सदर कुत्रीस लूत लागली असून लहान मुलांना धोका आहे. तरी तिला उचलून नेण्याबाबत महापालिकेस कळवावे.' खाली सतरा अंगठे.

लूत. हा शब्द आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय. कुत्र्याचे केस गेले, लूत. खाजवतंय, लूत. एकदा हा शब्द चिकटला की त्या कुत्र्याला टपरीवाला पाणी टाकून हाकलतो, पोरं दगड मारतात आणि रोज पोळी टाकणाऱ्या काकूही हात आखडता घेतात. आता काकूंना मी दोष देत नाही. त्यांच्या घरी चार वर्षांची नात आहे. त्यांना भीती वाटली आणि ती भीती खरी की खोटी हे सांगणारं कुणी नव्हतं.

मी काय केलं? मी हुशारी केली. मेडिकलमध्ये गेले आणि खाजेवरची ट्यूब मागितली. दुकानदाराने विचारलं, 'माणसाला की कुत्र्याला?' म्हटलं, कुत्र्याला. म्हणाला, 'चालतं.' ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब होती: थोडं स्टेरॉइड, थोडं बुरशीचं, थोडं जंतूंचं. लावली. चार दिवसांत लाली उतरली. मी ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला! दहाव्या दिवशी परिस्थिती आधीपेक्षा वाईट. जखमेला पू आणि खाज दुप्पट.

का, ते मला नंतर कळलं. स्टेरॉइड खाज दाबतं, आणि सोबत त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. खाजेचं मूळ जंतू, बुरशी किंवा कातडीतले किडे असतील, तर आपण त्यांना मोकळं रान देतो. शिवाय कुत्रं मलम चाटतं, म्हणजे ते पोटातही जातं. माणसांच्या बाबतीतही आपल्या देशात या मिश्र मलमांनी गजकर्णाचा घोळ करून ठेवलाय. म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती केली. चिठ्ठी कोण विचारतं, ते तुम्हालाही माहीत आहे.

तरी माझी ट्यूब परवडली म्हणायची. कारण त्याच आठवड्यात एका दादांनी सुचवलं की गॅरेजमधलं जळकं ऑईल लावा, दोन दिवसांत लूत साफ. मुंबईपासून डहाणूपर्यंत हा सल्ला तुम्हाला मिळेल, आणि देणारा मनापासून देतो. पण कुत्रं ते चाटणारच. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये जळलेल्या तेलाची विषारी रसायनं आणि धातूंचे अंश असतात. कातडी भाजते, पोटात गेलं तर उलट्या होतात आणि चाटताना फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. रॉकेल आणि फिनाईलही त्याच जातीचं. मेलेल्या किड्यांसोबत कुत्रंही जातं. प्लीज, हे कुणी करताना दिसलं तर थांबवा.

शेवटी मी आणि टपरीवाल्याचा मुलगा चिंगीला घेऊन विरारमधल्याच एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. तिसऱ्या रिक्षाने घेतलं. मॅडमनी चिंगीकडे बघितलं आणि माझ्याकडे एक पांढरा टिश्यू दिला. म्हणाल्या, 'हा ओला करा.' मग बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी दोन-तीनदा विंचरलं आणि फणीतली काळी घाण त्या ओल्या कागदावर झटकली. मिरपुडीसारखे दाणे. मिनिटभरात प्रत्येक दाण्याभोवती तांबूस डाग पसरला.

ती पिसवांची विष्ठा. पिसू रक्त पिते, म्हणून तिच्या विष्ठेत पचलेलं रक्त असतं आणि ओल्या कागदावर ते लाल सुटतं. साधी माती असती तर डाग मातकटच राहिला असता. ही परीक्षा तुम्ही घरी आज रात्री करू शकता. उवांची फणी आणि ओला टिश्यू, बास.

मी म्हटलं, 'पण मॅडम, एकही पिसू दिसली नाही हो मला.' त्या म्हणाल्या, दिसणार नाहीच, ती दिवसभर चाटून चाटून गिळतेय त्यांना. आणि फार पिसवा लागतही नाहीत. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्याला एक-दोन चावेसुद्धा पुरतात. त्यानंतर कितीतरी दिवस खाज चालू राहते.

म्हणजे चिंगीला ॲलर्जी होती. 'लूत' नव्हती.

आता काकूंच्या भीतीचं काय? मॅडमनी हे फार छान सोडवून सांगितलं. आपण ज्याला सरसकट लूत म्हणतो त्यात किमान चार-पाच वेगळे आजार असतात. खरी खरूज एका किड्यामुळे होते, तो कातडीत बोगदे करतो. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याला पटकन लागते आणि आपल्यालाही काही दिवस पुरळ आणि खाज देऊ शकते. पण कुत्र्याचा तो किडा माणसाच्या अंगावर संसार थाटू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाला की सहसा आपलंही थांबतं. दुसरा किडा आहे डेमोडेक्स. पिल्लांच्या डोळ्यांभोवती, तोंडाशी केस जातात तो. हा थोड्या प्रमाणात निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतो, माणसाला होत नाही आणि मोठ्या कुत्र्यांमध्ये एकमेकांना लागतही नाही. तिसरं गजकर्ण, ती बुरशी. ही मात्र माणसाला होते, तेव्हा तिथे हात धुणं, लहान मुलांना लांब ठेवणं बरोबर. आणि ॲलर्जी? ती कुणालाच लागत नाही. माझी सर्दी तुम्हाला होईल, पण माझी कोळंबीची ॲलर्जी तुम्हाला होईल का?

खाज कुठे आहे यावरूनही थोडा अंदाज येतो. शेपटीचं मूळ आणि कंबर असेल तर पिसवांचा संशय आधी. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे घोटे आणि भयंकर खाज, तर खरूज. पंजे, काखा, पोट, कान असेल तर हवेतली किंवा खाण्यातली ॲलर्जी. तेलकट कातडी आणि शिळ्या दह्यासारखा आंबूस वास असेल तर यीस्ट नावाची बुरशी वाढलेली असते. पण हा फक्त अंदाज. कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि चिकटपट्टीचा नमुना घेणं ही कामं डॉक्टरचीच, आणि दोन्हींना फार वेळ लागत नाही. चिंगीचं दोन्ही केलं. किडा नाही, यीस्ट भरपूर.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण निम्मे मेसेज याच चुकीचे आहेत. आपण सुरुवात करतो खाण्यापासून. कुत्रं खाजवलं की लगेच चिकन बंद, मग महागडं परदेशी पाकीट, मग ते बदलून दुसरं. सहा महिने जातात. खरं तर क्रम उलटा हवा. आधी पिसवा आणि किडे संपवा. मग जंतू आणि बुरशी. मग उरलीच खाज तर खाणं तपासा. आणि तेही नसेल तर मग हवेतली ॲलर्जी. कारण पिसवा अंगावर असताना तुम्ही खाणं बदललंत, तर उपयोग झाला की नाही हे कळणारच नाही.

आणि आपल्या वसई-विरारमध्ये पिसवांना सुट्टी नसते. त्यांना दमटपणा आणि ऊब लागते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही घाम येतो आणि थंडी म्हणाल तर जानेवारीत पंधरा दिवस. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, पण ढोबळ हिशेबाने त्या एकूण फौजेच्या वीसाव्या हिश्शाएवढ्याच असतात. बाकीची अंडी, अळ्या, कोष सगळे पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत, जिन्याखालच्या पोत्यात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती अंगावरून गळून पडतात. कोषातली पिसू तर महिनोन्महिने थांबून राहू शकते. म्हणून औषध एकदा देऊन भागत नाही. 'ताई, गोळी दिली, पंधरा दिवसांनी परत पिसवा' असं लिहिणाऱ्या दादा, गोळी फसली असेलच असं नाही. जुने कोष फुटतायत. दोन-तीन महिने सलग करायला लागतं.

चिंगीला महिन्यातून एकदा द्यायची चघळायची गोळी सुरू झाली. ही गोळी रक्तात जाते, पिसू चावली की मरते, गोचिडही मरतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती देण्याआधी डॉक्टरला तसं सांगायलाच हवं. मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. फक्त घरात मांजर असेल तर सांभाळा: कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर उठतं.

गोळी स्वस्त नाही. म्हणून मी ग्रुपवर तो टिश्यूचा फोटो टाकला, लाल डागांसकट, आणि लिहिलं: 'लूत नाही, पिसवा आहेत. सदर पिसवा जिन्याखालच्या पोत्यातही आहेत.' तासाभरात पोती गायब! सेक्रेटरी काकांनी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं. आणि संध्याकाळी त्यांनी दोनशे रुपये पाठवले, काही न लिहिता.

'उचलून न्या'चं काय झालं, असं विचाराल. पालिकेकडे तक्रार गेली नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या केंद्राच्या नियमांचा गाभा असा आहे की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच जागी परत सोडायचं. शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्याबाबत सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये वेगळे आदेश दिले, त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू. पण अंगावरचे केस गेले म्हणून कुत्रं कायमचं नाहीसं करा, असं कुठल्याच नियमात नाही.

दुसरी पायरी यीस्टची. त्यासाठी औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा. इथे सगळे चुकतात: फेस केला की लगेच धुतात. तो शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहायला हवा. दहा मिनिटं ओल्या कुत्र्याला धरून उभं राहा म्हणजे कळेल! आम्ही मोबाईलवर दोन गाणी लावायचो, ती संपली की पाणी. आपला शाम्पू आणि डेटॉल वापरू नका, कुत्र्याच्या कातडीचा पोत आणि आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. आंघोळीनंतर बोटांच्या मधली जागा कोरडी करा. टँकरच्या दिवशी आंघोळ जमत नसेल तर पावसातून आल्यावर निदान चारही पंजे ओल्या फडक्याने पुसून मग कोरडे करा. तेवढ्यानेही फरक पडतो. कानात इअरबड घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन वळते, घाण आणखी आत ढकलली जाते.

दोन महिन्यांत शेपटीवर केस आले. कंबर भरली. आमची सगळी गल्ली खूश. पण चिंगी पंजे चाटायचीच. रात्री दोन वाजता चप चप चप.

मग आली खाण्याची पायरी, आणि ही सगळ्यात अवघड. कुत्र्यांना ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांमध्ये गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू ही नावं पुढे असतात. तपासायचा भरवशाचा मार्ग एकच: आधी कधीही न खाल्लेलं प्रथिन किमान आठ आठवडे द्यायचं, दुसरं काहीही नाही, आणि फरक दिसला तर जुनं खाणं परत देऊन खाज परतते का बघायची. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची आणि लाळेची तपासणी विकली जाते, तिच्यावर पैसे घालवू नका, ती विश्वासार्ह नाही.

आता सांगा, चिंगीने आधी न खाल्लेलं काय असेल? चिकन, मटण, अंडी, सुके बोंबील, वडापाव, पूजेचा शिरा. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, रस्त्यावरच्या कुत्र्याला नवीन काही उरतच नाही. म्हणून प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाणं दिलं, ज्याला शरीर सहसा ओळखत नाही. त्या काळात चवीची गोळीही बंद, कारण तिच्या चवीतही मांसाचा अंश असू शकतो. त्याऐवजी थेंब. आणि चिंगी आठ आठवडे माझ्या गॅलरीत.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी जाळीतून ग्लुकोज बिस्किट दिलं. 'एकच दिलं गं, किती बघत होती.' आठवडा परत पहिल्यापासून. मग मी तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी बांधली: 'माझं पथ्य आहे.' काकूंच्या नातीने त्यावर फूल काढलं. त्यानंतर कुणी काही दिलं नाही.

आठ आठवड्यांनी निकाल? काहीही फरक नाही. मी अक्षरशः रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, 'अहो, हेही उत्तरच आहे. आता तिला आयुष्यभर चिकन खाऊ घाला बिनधास्त.' खरं होतं.

तर उरली हवेतली ॲलर्जी. बुरशी, परागकण आणि गाद्यांच्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. ही बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते, चिंगी तिथेच बसते. ही बरी होत नाही, सांभाळावी लागते. मधुमेह सांभाळतो तशी. थेट खाजेच्या निरोपावर काम करणाऱ्या गोळ्या आता मिळतात. त्यातली ऑक्लासिटिनिब अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाली. एका दिवसात आराम पडतो, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीने, वर्षाखालच्या पिल्लाला नाही आणि मोठा जंतुसंसर्ग असताना नाही. स्टेरॉइडच्या गोळ्याही कधीकधी लागतात, आणि डॉक्टरने दिल्या तर घाबरू नका. कुत्रं जास्त पाणी पिईल, जास्त मुतेल, भूक वाढेल. फक्त मनाने सुरू करू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. घरातली सिट्रिझिन देऊ का, हे विचारणाऱ्यांना: थोड्याच कुत्र्यांना तिचा उपयोग होतो, आणि सर्दीची जोडगोळी असलेली तर कुत्र्याला घातक आहे. आयबुप्रोफेन तर अजिबात नाही.

इथल्या डॉक्टरांना आवरलं नाही तर परळ आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ पासून आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ. विरारहून कुत्रं घेऊन जाणं म्हणजे अख्खा दिवस. विरार लोकलच्या गर्दीचा तर विचारही करू नका, चार जणांनी मिळून ओळखीची गाडी करा. जाताना आधीच्या सगळ्या औषधांचे फोटो घेऊन जा. मी त्या ट्यूबचा फोटो दाखवला नसता तर मॅडमना अर्धी गोष्ट कळलीच नसती.

एक राहिलं. खाजेने बेजार झालेलं कुत्रं ओळखीचं असलं तरी चावू शकतं, कारण दुखत असतं. दात किंवा ओरखडा लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. हळद, चुना काही लावू नका. चिंगीला वर्षाची लस दिलेली होती, तरी टपरीवाल्याच्या मुलाला ओरखडा आला तेव्हा आम्ही गेलोच.

सध्या चिंगी टपरीखाली असते. पाऊस सुरू झाला की पंजे चाटणं वाढतं, मग महिना-दीड महिना गोळी, मग बंद. पिसवांचं औषध दर महिन्याच्या पाच तारखेला. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाच तारखेच्या चौकोनात, सिलिंडरच्या तारखेच्या बाजूला, नातीने एक कुत्रं काढलंय. एक कान उभा, एक पडका.

पुढच्या भागात गोचिडतापाबद्दल बोलू, त्याचेही बरेच मेसेज आलेत. तोपर्यंत तो ओल्या टिश्यूचा प्रयोग करून बघा आणि डाग लाल आला की मातकट, ते मला कळवा. चला, पाणी आलंय, मी जाते.